शिक्र्याचे पिल्लू हाताने वाढवणे आणि शिकारी पक्ष्याचे प्रशिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च ते जून हा शिक्रा या लहान शिकारी पक्ष्याच्या विणीचा काळ असतो. या दिवसांत कोल्हापूर शहरातून आणि करवीर, पन्हाळा, हातकणंगले, कागल या तालुक्यांतून ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. पिल्लू सापडले आहे, ते वाढवायचे कसे, हातावर बसायला शिकवायचे कसे, आणि हे चालते का, असे त्यांचे साधारण स्वरूप असते. एक बाब आरंभीच स्पष्ट करतो. भारतात वन्य शिकारी पक्षी पकडणे, पाळणे किंवा त्याच्याकडून शिकार करवणे बेकायदा आहे. तरीही प्रशिक्षणाची माहिती येथे सविस्तर दिली आहे, कारण ही विद्या नीट समजली की पिल्लू घरात का वाढवू नये, हे कायद्याचा धाक न दाखवताही पटते.

१. शिक्रा, बाज, ससाणा आणि घार ही एकाच पक्ष्याची नावे आहेत का?

नाही. शिक्रा आणि बाज हे जवळचे नातलग आहेत. त्यांचे पंख आखूड व गोलसर आणि शेपटी लांब असते, ते झाडीतून वाट काढत अचानक झडप घालतात आणि पंजाच्या पकडीने भक्ष्य मारतात. ससाण्याचे पंख लांब व टोकदार, डोळे काळेभोर आणि वरच्या चोचीच्या कडेला दातासारखा उंचवटा असतो. बहिरी ससाणा उंचावरून सूर मारताना ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेग गाठतो. जनुकीय अभ्यासातून असेही दिसून आले आहे की ससाणे हे शिक्र्यापेक्षा पोपटांना अधिक जवळचे आहेत. रंकाळ्यावर किंवा मटण मार्केटवर घिरट्या घालणारी घार बरेचसे पोट मेलेल्या व टाकून दिलेल्या मांसावर भरते. तिला शिकारीसाठी शिकवण्याची परंपरा नाही.

२. आमच्या अंगणात पडलेले पिल्लू शिक्र्याचेच आहे, हे ओळखायचे कसे?

अगदी लहान पिल्लाच्या अंगावर पांढुरकी लव असते, चोच आकड्यासारखी वळलेली असते, पाय पिवळे व नख्या काळ्या असतात. पिसे फुटली की पाठ तपकिरी होते, फिकट छातीवर तपकिरी उभे ओघळ उमटतात आणि गळ्याच्या मधोमध एक गडद उभी रेघ दिसते.

गल्लत दोन पक्ष्यांशी होते. जुन्या वाड्यांच्या माळ्यावर राहणाऱ्या गव्हाणी घुबडाचे पिल्लूही पांढऱ्या लवेचे असते, पण त्याचा चेहरा चपटा आणि दोन्ही डोळे समोर असतात. दुसरा पक्षी म्हणजे पावशा, पावसाच्या तोंडावर ‘पेरते व्हा’ असे ओरडणारा. त्याचे रंगरूप शिक्र्याशी इतके जुळते की सवयीचा माणूसही क्षणभर फसतो. मात्र पावशाची चोच आकडेदार नसते आणि पाय नाजूक असतात, त्यांत दोन बोटे पुढे व दोन मागे असतात. पावशा आपले अंडे सातभाईच्या घरट्यात घालतो. त्यामुळे ‘शिक्र्याच्या’ पिल्लाला सातभाई चारत असतील, तर ते निःसंशय पावशाचे पिल्लू आहे आणि त्याला मुळीच हात लावू नये.

३. पिल्लू जमिनीवर आहे. पहिल्या तासाभरात नेमके काय करायचे?

आधी त्याचे वय पाहावे, कारण पुढचे सगळे त्यावर ठरते. अंगावर पिसे फुटलेली असतील, पिल्लू पायांवर उभे राहत असेल आणि फडफडत असेल, तर ते पडलेले नाही. उडायला शिकण्याच्या टप्प्यात पिल्ले फांद्यांवर व कधी जमिनीवर येतात आणि आईबाप त्यांना तेथेच चारतात. कुत्र्या-मांजरांचा धोका असेल, तर त्याला जवळच्या झाडाच्या फांदीवर ठेवावे आणि आपण लांब जावे.

अंगावर केवळ लव असेल, तर त्याला घरट्याची गरज आहे. अशा वेळी वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर प्रथम कळवावे. पिल्लाला इजा नसेल व घरटे सुरक्षितपणे गाठता येत असेल, तर जाणकाराच्या मदतीने ते परत ठेवता येते. घरटे वादळात मोडले असेल, तर बांबूच्या टोपलीत काटक्या घालून ती त्याच झाडाला, शक्यतो त्याच उंचीवर बांधतात. टोपलीच्या बुडातून पाणी निघून जाईल, एवढे मात्र पाहावे, कारण वळवाचा एक जोरदार पाऊस भिजलेल्या पिल्लाचा जीव घेऊ शकतो.

जखमी पिल्लू जाड टॉवेलने उचलावे, पाय हळुवार पण घट्ट धरावेत आणि भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून खोके झाकून अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवावे. पिंजरा वापरू नये. जाळीवर आपटून वाढती पिसे मोडतात.

४. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकून देते ना?

नाही, हा समज चुकीचा आहे. हाताच्या वासावरून शिक्रा आपले पिल्लू नाकारत नाही. आई येत नाही याचे खरे कारण बहुधा झाडाखाली उभी असलेली गर्दी आणि वर धरलेले मोबाइल हे असते. सगळ्यांनी दूर जाऊन आडोशाने पाहावे.

५. वनविभागाची माणसे येईपर्यंत त्याला काय खायला घालू? दूध-पाव चालेल का?

काहीही घालू नये. दूध, पाव, भात, शिजवलेले मटण यांतले काहीच या पक्ष्याचे अन्न नव्हे. चोच उघडून पाणी ओतल्यास ते श्वासनलिकेत जाऊन पिल्लू दगावते. त्याला लागणारे पाणी सहसा ताज्या भक्ष्यातूनच मिळते. गारठलेल्या पिल्लाला आधी ऊब लागते, अन्न नंतर.

चांगल्या हेतूने केलेली एक चूक फार आढळते, म्हणून ती स्वतंत्रपणे सांगतो. लोक कोंबडीच्या मऊ मांसाचे बिनहाडाचे तुकडे भरवतात, पिल्लू ते आवडीने खाते आणि काही दिवस छान दिसते. पण निव्वळ मांसात कॅल्शियम जवळजवळ नसते. आठवड्याभरात वजन वाढते, हाडे मात्र मऊच राहतात, पाय वाकतात आणि पंखाचे हाड साध्या फडफडीनेही मोडते. एकदा वाकलेल्या हाडाचा पक्षी पुढे कधीच शिकार करू शकत नाही. जंगलात आईबाप उंदीर, सरडा, पाखरू आणतात आणि पिल्लांना ते त्यातली हाडे, लव, पिसे यांसकट मिळते. पचत नसलेला भाग पक्षी नंतर गोळीच्या रूपात ओकून टाकतो आणि ते त्याच्या पचनाला आवश्यक असते.

६. मला पाळायचे नाही, मोठे करून सोडून द्यायचे आहे. तरीही गुन्हा होतो का?

होतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्यजीव पकडणे, तसेच पक्ष्यांची अंडी काढणे किंवा घरटी विस्कटणे हे ‘शिकार’ या व्याख्येतच येते. कलम ३९ नुसार असा वन्यजीव ही शासनाची मालमत्ता असते आणि तो ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. पहिल्या अनुसूचीतील जातीच्या बाबतीत शिक्षा किमान तीन व कमाल सात वर्षांच्या कारावासाची असून सोबत दंडही असतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या २०२२ च्या दुरुस्तीने दंडाची रक्कम वाढवली आहे.

जखमी पिल्लू उचलून लगेच कळवणाऱ्याला मदतकर्ता मानले जाते, त्यामुळे घाबरून पिल्लू लपवण्याचे कारण नाही. अडचण कळवण्यात विलंब केल्याने निर्माण होते.

७. हाताने वाढवलेले पिल्लू जास्त माणसाळते. मग प्रशिक्षणाला तेच सर्वांत सोपे नाही का?

सर्वाधिक गैरसमज येथेच आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लाच्या मनावर ‘मला भरवणारा तो माझ्या जातीचा’ असा ठसा उमटतो, आणि तो सहसा पुसला जात नाही. असे पिल्लू माणसाला मालक मानत नाही. ते त्याला आधी आई मानते आणि वयात आल्यावर प्रतिस्पर्धी किंवा जोडीदार मानते.

लहानपणी ते माणूस दिसताच तासन्तास किंचाळते, कारण त्याच्या लेखी ती भूक सांगण्याची हाक असते. थोडे मोठे झाले की खाण्यावर पंख पसरून बसते आणि जवळ आलेल्या हातावर, चेहऱ्यावर झडप घालते. एरवी माणसाला टाळणारा वन्य शिक्रा असे करत नाही. भीती उरली नाही म्हणूनच हा धोका निर्माण होतो. लहान मुले असलेल्या घरात हे किती गंभीर आहे, हे वेगळे सांगायला नको. त्यात भर म्हणजे असा पक्षी आपल्या जातीचा जोडीदार ओळखत नाही, त्यामुळे तो सोडला तरी त्याचा वंश पुढे जाण्याची शक्यता फार कमी असते.

जुन्या भारतीय बाजदारांची पसंती म्हणूनच घरट्यातून काढलेल्या पिल्लापेक्षा स्वतः शिकार करू लागलेल्या, पकडलेल्या पक्ष्याला असे. त्याला उडणे आणि मारणे शिकवावे लागत नाही, फक्त माणसाची भीती घालवावी लागते. पिल्लाच्या बाबतीत उडणे आणि मारणे या दोन्ही गोष्टी शिकवाव्या लागतात, आणि त्यांपैकी उडणे माणूस शिकवूच शकत नाही.

८. जेथे ही विद्या कायदेशीर आहे, तेथे प्रशिक्षण कसे देतात?

ब्रिटन, अमेरिका, आखाती देश अशा ठिकाणी ही कला नियमांच्या चौकटीत चालते. अमेरिकेत परवान्यासाठी लेखी परीक्षा द्यावी लागते आणि अनुभवी गुरूच्या देखरेखीखाली किमान दोन वर्षे उमेदवारी करावी लागते. ब्रिटनमध्ये प्रामुख्याने बंदिस्त प्रजननातून जन्मलेले पक्षी वापरतात.

क्रम साधारण असा असतो. पक्ष्याच्या पायांत चामड्याच्या मऊ वाद्या, त्यांना पीळ पडू न देणारी फिरकी आणि पुढे दोरी असते. पहिले काही दिवस तो हातमोज्यावर नुसता बसवतात. तो घाबरून उडी मारतो, वादीला उलटा लोंबकळतो, आणि त्याला न झटकता, न ओरडता हळूच परत हातावर घेतात. येथे माणसाचा संयम कसाला लागतो. ज्या दिवशी पक्षी नजर माणसावरून काढून हातमोज्यावरच्या मांसाकडे वळवतो आणि मान खाली घालून पहिला घास तोडतो, त्या दिवशी खरा आरंभ झाला असे समजतात. अनोळखी माणसासमोर मान खाली घालणे म्हणजे वन्य पक्ष्याच्या दृष्टीने स्वतःला धोक्यात घालणे होय, म्हणून त्या एका हालचालीला इतके महत्त्व आहे.

पुढे बैठकीवरून हातावर एक पाऊल, मग एक उडी, मग हलक्या लांब दोरीने काही फुटांवरून सुरुवात करून पन्नास-एक मीटरपर्यंतची भरारी, आणि प्रत्येक वेळी तीच शीळ व तोच घास. दोरीवर तो विनासंकोच येऊ लागला की मग दोरी काढतात. आता पायात घुंगरासोबत पक्ष्याचा माग देणारे छोटे यंत्रही बांधतात. ससाण्यांना हातावर बोलावण्यापेक्षा दोरीच्या टोकाला पिसे व मांस बांधून फिरवलेल्या आमिषावर बोलावतात, कारण त्यांची शिकार हवेतली असते.

या सगळ्यात शिक्षेला स्थान नाही. शिकारी पक्षी कळपात राहणारा प्राणी नव्हे, त्यामुळे कुत्र्याप्रमाणे त्याला धन्याची मर्जी राखायची नसते. एकदा मारले, तरी तो कायमचा दुरावतो.

९. पक्ष्याला उपाशी ठेवून शिकवतात, हे खरे आहे का?

अर्धे खरे आहे. भरल्या पोटी कोणताही शिकारी पक्षी झाडावर बसून राहतो, जंगलातही. त्यामुळे प्रशिक्षक पक्ष्याला रोज एकाच वेळी तोलतात आणि तो सशक्त असून भुकेला असेल, असे वजन ग्रॅमच्या हिशेबात शोधतात. उपासमार आणि भूक यांतले अंतर ओळखणे हेच या विद्येतले सर्वांत कठीण काम आहे, आणि पक्षी जितका लहान तितके ते अंतर कमी. शिक्र्याचे वजन साधारण १०० ते २५० ग्रॅमच्या दरम्यान असते. एवढ्याशा देहात चरबीचा साठा नगण्य असतो, म्हणून अंदाज थोडा चुकला तरी सकाळी ठीक दिसणारा पक्षी संध्याकाळपर्यंत कोसळू शकतो. समाजमाध्यमांवरचे व्हिडिओ पाहून कोणी हे करू धजत असेल, तर तो पक्ष्याच्या जिवाशी खेळत आहे.

पिल्लाच्या बाबतीत तर वजन कमी करणे पूर्णतः वर्ज्य आहे. पिसे वाढत असताना एक-दोन दिवस जरी पोषण तुटले, तरी त्या दिवसांत तयार झालेल्या पिसाच्या भागावर एक आडवी फिकट रेघ पडते. शेपटीची सगळी पिसे एकाच वेळी वाढत असल्याने ती रेघ शेपटीभर एका ओळीत दिसते आणि नेमकी तेथेच पिसे मोडतात. पुढच्या वेळी पिसे झडून नवी येईपर्यंत पक्ष्याला तीच मोडकी शेपटी घेऊन उडावे लागते.

१०. डोळ्यांवर टोपी घालणे क्रूर नाही का?

नीट बसणारी टोपी पक्ष्याला शांत करते, कारण दिसत नाही त्याची त्याला धास्ती वाटत नाही. तिचा उपयोग मुख्यतः ससाण्यांसाठी होतो. डोळ्यांना घासणारी टोपी मात्र इजा करते. सापडलेल्या पिल्लाच्या डोळ्यांवर फडके बांधू नये. अंधारे खोके तेच काम करते.

११. आपल्याकडे ही परंपरा होती का? कोल्हापूर संस्थानात बाज पाळत असत, असे ऐकले आहे.

दख्खनमध्ये ही विद्या जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये श्येनविनोदाचे, म्हणजे ससाण्यांच्या खेळाचे, प्रकरण आहे. पुढे मोगल दरबारात तिला मोठा आश्रय मिळाला, आणि संस्थानी काळात भावनगरचे नाव तिच्यासाठी प्रसिद्ध होते. कोल्हापूर संस्थानाची ख्याती मुख्यतः शिकवलेल्या चित्त्यांकडून काळवीटांची शिकार करण्यासाठी होती, आणि त्यासाठी आफ्रिकेतूनही चित्ते आणले जात.

युनेस्कोने २०१० मध्ये बाजविद्येला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, हे खरे आहे. मात्र त्या नोंदीत भारत नाही, आणि वारसा म्हणून मान्यता मिळाल्याने येथे पक्षी बाळगण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही.

१२. परदेशातून कायदेशीर हॅरिस हॉक आणला तर?

हॅरिस हॉक हा अमेरिका खंडांतला शिकारी पक्षी आहे. बहुतेक सर्व शिकारी पक्षी वन्यजीव व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे साइट्सच्या, परिशिष्टांत आहेत. त्यांची आयात परवान्याशिवाय करता येत नाही, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी करावी लागते. ही सगळी कागदपत्रे जमली, तरी मूळ अडचण कायम राहते. त्या पक्ष्याने मारलेला ससा किंवा तित्तिर हा भारतातील संरक्षित वन्यजीव असतो, आणि ती शिकार पक्ष्याच्या धन्याच्या नावावर धरली जाते. म्हणून माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे.

१३. आमच्या शाळूवर पाखरांच्या झुंडी येतात. शिकवलेला शिक्रा राखणीला ठेवता येईल का?

ठेवता येणार नाही, पण मोकळ्या पक्ष्यांची मदत घेता येते. शेतात पिकाहून उंच टी-आकाराचे पक्षी थांबे रोवल्यास दिवसा कोतवाल व कापशी घार आणि रात्री घुबडे तेथे बसून किडी व उंदीर टिपतात. बांधावरची बाभूळ, आंबा, कडुनिंब यांसारखी झाडे राखली तर शिकारी पक्ष्यांना घरट्यासाठी जागा राहते. उंदरांसाठी विष ठेवणे मात्र टाळावे, कारण विष खाऊन मंदावलेला उंदीर शिक्र्याच्या किंवा घुबडाच्या तोंडी सहज लागतो आणि त्या विषाचा फटका त्यालाही बसतो.

१४. मग अनाथ पिल्लू माणसाळू न देता वाढवतात कसे?

प्रशिक्षित पुनर्वसनकर्ते, वनविभागाच्या परवानगीने, पिल्लाला शक्यतो एकटे ठेवत नाहीत. त्याच जातीची दुसरी पिल्ले सोबत असतील, तर पिल्लांना आपली जात परस्परांकडून कळते. भरवताना चेहरा झाकतात, बोलत नाहीत, आणि पक्ष्याच्या डोक्याच्या आकाराची बाहुली हातावर चढवून घास देतात. त्याच वयाची पिल्ले असलेले दुसरे घरटे जवळपास असेल, तर त्यात हे पिल्लू ठेवण्याचा पर्याय सर्वांत उत्तम, कारण आईबाप पिल्ले मोजत नाहीत, उघडी तोंडे भरवतात.

येथे बाजदारांची जुनी विद्या कामी येते. पिल्लू उडण्याच्या बेताला आले की त्याला उंचावरच्या खोक्यात ठेवतात, समोरची जाळी काही दिवसांनी उघडतात आणि ते बाहेर फिरू लागले तरी काही आठवडे त्याच जागी अन्न ठेवत राहतात. स्वतः शिकार जमू लागली की पिल्लू येणे आपोआप थांबवते. ही पद्धत पूर्वी शिकारी ससाण्याला बळकट करण्यासाठी वापरत. डीडीटी या कीटकनाशकामुळे उत्तर अमेरिकेतून बहिरी ससाणे दिसेनासे होऊ लागले, तेव्हा बंदिस्त प्रजननातून वाढवलेली पिल्ले १९७० च्या दशकापासून याच रीतीने मोकळ्या आकाशात सोडली गेली आणि ती जात सावरली. या विद्येचे हे सर्वांत मोठे कार्य आहे, असे मी मानतो.

१५. मला हे कायदेशीर मार्गाने शिकायचे आहे. कोठून सुरुवात करू?

पशुवैद्यक शिक्षण, वनविभागासोबतचे बचावकार्य आणि क्षेत्रीय निरीक्षण हे तीन मार्ग खुले आहेत. शिवाजी विद्यापीठाचा परिसर, कळंबा तलाव आणि मसाई पठार ही सुरुवातीला उत्तम ठिकाणे आहेत. शिक्र्याच्या एका घरट्याचा संपूर्ण हंगाम दुर्बिणीतून दुरून पाहिला, तर नर भक्ष्य आणतो, मादी ते फाडून भरवते आणि पिल्ले झडप घालायला कशी शिकतात, हे कोणत्याही प्रशिक्षणाहून जास्त कळते. घरट्याची जागा आणि छायाचित्रे मात्र समाजमाध्यमांवर टाकू नयेत.

१६. पिल्लू दोन महिन्यांपासून आमच्याकडे आहे. आता ते उडते. गच्चीवरून सोडून दिले तर प्रश्न मिटेल ना?

मिटणार नाही. ज्याला शिकार येत नाही, असा पक्षी बहुतेक वेळा काही दिवसांतच उपासमारीने मरतो. त्याआधी तो अन्नासाठी अनोळखी माणसांच्या खांद्यावर उतरतो आणि दगडांचा मार खातो किंवा कोणाला तरी जखमी करतो. (असे का होते, ते प्रश्न ७ मध्ये पाहावे.) पायात दोरी असल्यास तो झाडात अडकून लोंबकळत राहतो.

१९२६ वर किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात आजच कळवावे आणि पक्षी खोक्यात घालून सुपूर्द करावा. उशीर झालेला असला, तरी स्वतःहून दिलेला पक्षी आणि छाप्यात सापडलेला पक्षी यांत फरक असतो. सोबत एका कागदावर तो कोठे व केव्हा सापडला, रोज काय खाऊ घातले, कोणते औषध दिले आणि तो माणसाला पाहून ओरडतो का, हे खरे खरे लिहून द्यावे. हाडे तपासायची की नाहीत आणि पक्ष्याला इतर शिक्र्यांसोबत ठेवायचे की स्वतंत्र, हे पशुवैद्य त्या नोंदीवरूनच ठरवतात.